बटणपट्टीवरचं पाखरू

जुन्नरच्या पेठेत माझं नाव घेऊन दुकान विचारलंत तर चार ठिकाणी थांबावं लागेल. "पाखरांच्या स्वेटरवाली भाभी" म्हणालात, तर भेळवाला हातातलं काम न सोडता नुसत्या हनुवटीने दुकान दाखवेल. माझं नाव नसीम. लोकरीचे स्वेटर विणायचे आणि त्यांच्या नक्ष्या काढायच्या, हा माझा धंदा. लग्नाआधी सुरू केला, अजून चालू आहे.

या अंकाचे संपादक उन्हाळ्यात दुकानात आले. उन्हाळ्यात आमच्याकडे चिटपाखरू फिरकत नाही, त्यामुळे मी त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं. ते म्हणाले, "भाभी, सिनेमावरून स्वेटर कसा काढलात ते लिहा. गिऱ्हाइकाला सांगता तसंच लिहा." मी लगेच हो म्हटलं. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की सांगताना माझे हात मशीनवर चालूच असतात. फक्त लिहायच्या आधी तो सिनेमा एकदा बघून घ्यावा, असं मला वाटलं. तिथून सगळं बिघडलं. म्हणजे बिघडलं होतं फार आधीच, मला उशिरा कळलं.

आधी धंद्याचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

नक्षी काढायला चौकटींचा कागद लागतो. एक चौकट म्हणजे एक टाका. पाखरू हवं तर तेवढ्या चौकटी रंगवायच्या. पण टाका काही चौकोनी नसतो. तो रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. त्यामुळे कागदावर पाखरू सुबक काढलं की स्वेटरवर ते दबतं, कोंबडीसारखं दिसतं. कागदावर त्याला बगळ्यासारखं लांबुडकं काढावं लागतं, तेव्हा कुठे ते अंगावर पाखरासारखं बसतं. माझी पहिली सगळी पाखरं कोंबड्याच होती.

दोन रंगांत विणायचं तर जो रंग समोर नको असतो, त्याचा धागा मागून न्यावा लागतो. फार ओढला तर स्वेटर आवळतो, सैल सोडला तर आतून लोंबतो आणि हात घालताना अंगठी अडकते. जाणकार बाई दुकानात आली की आधी स्वेटर उलटा करून बघते. पुढची बाजू कुणीही चांगली करेल. विणणारी कशी आहे ते मागून कळतं.

आणि मशीन. मशीनवर सुया एका ओळीत बसवलेल्या असतात. त्यांच्यावरून गाडी एकदा इकडून तिकडे ढकलली की खर्र करून एक ओळ विणून होते. गंमत अशी, की विणणाऱ्याच्या तोंडासमोर कापडाची पाठ असते आणि सुलट बाजू पलीकडे. त्यामुळे नक्षी उलटी मांडावी लागते. शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशीच बजावते, "तुला दिसतंय ते लोकांना दिसणार नाही. पलीकडून बघायची सवय कर." मला स्वतःला हे कधी जड गेलं नाही. लहानपणी मदरशात उजवीकडून वाचायला शिकले, शाळेत डावीकडून. डोळ्यांना दोन्ही वाटा माहीत होत्या.

आता सिनेमा. त्याचं नाव देत नाही. ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल, बाकीच्यांचं काही अडणार नाही. पांढऱ्या-काळ्यातला, मी लहान होते तेव्हाच जुना झालेला. नारायणगावच्या जत्रेत मीना नदीच्या कडेला तंबू लागायचा, तिथे मी तो पाहिला. अम्मी, खाला आणि आळीतल्या बायका अशा आम्ही बैलगाडीने गेलो होतो. बायकांची बसायची जागा वेगळी, कनातीच्या आत. मी शाळेत जायला लागले नव्हते.

सिनेमात डोंगरातल्या एका गावात शिकवणारी बाई असते. तिचा म्हातारा बाप असतो. तो डाव्या हाताने जेवायचा. ते मला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मीही डाव्या हाताने जेवायला बसले आणि अब्बांचा मार खाल्ला. बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता. अम्मी खालाच्या कानात म्हणाली, "गुजरातन दिखती है." खाला म्हणाली, "तभीच इतनी गोरी है." शेवटी ही बाई एसटीच्या थांब्यावर उभी असते. वारा सुटलेला असतो. तिने स्वतः विणलेला, पुढून उघडा स्वेटर घातलेला असतो आणि ती खालपासून एकेक बटण लावत जाते. बटणं लागतात तशी स्वेटरवरची पाखरं जुळत जातात. कमरेपासून निघालेला थवा तिरका वर चढतो आणि खांद्यावर पोचतो. मधलं एक पाखरू बटणपट्टीवर अर्धं अर्धं असतं. बटण लागलं की ते पुरं होतं. मग एकदम अंधार होतो. बराच वेळ अंधार. आणि उजाडतं तेव्हा एसटी आलेली असते.

तो अंधार मला फार आवडला होता. अख्खी रात्र ती बाई थांब्यावर उभी राहिली, असं मी समजले होते.

सुशीला मला पुढे भेटली, नारायणगावच्या विणकामाच्या वर्गात. ती वारूळवाडीची. माझ्याच वयाची, हाताने विणण्यात माझ्या दसपट तयार, आणि तोंडाची मिरची. वर्गातल्या बाईंनी तिच्या विणीत चूक काढली तर म्हणायची, "बाई, चष्मा पुसा." मी सिनेमातल्या स्वेटरची गोष्ट सांगितली तेव्हा ती ओरडलीच. "अगं, तो तर आमचा सिनेमा!" तिचे वडील त्या तंबूवाल्याकडे यंत्रावर होते, म्हणजे सिनेमा दाखवायच्या मशीनवर. जत्रांच्या दिवसांत पोर त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडायची. तिने तो सिनेमा किती वेळा पाहिला, याचा तिलाच पत्ता नव्हता.

तो स्वेटर करायचा, असं आम्ही दोघींनी ठरवलं. मोरपंखी लोकर माझी निवड, पांढरी पाखरं आपोआप ठरली. नक्षी मी काढली, कारण कागद माझ्याकडे होता. सुशी बघून म्हणाली, "पाखरं भायेरच्या बाजूला चाललीत की तुजी."

"म्हणजे?"

"ती डाव्या खांद्यावर जात्यात. काळजाच्या बाजूला. तू उजवीकडं धाडलीस. आणि सात हायत, तू पाचच काढलीस."

"पाचच आहेत. आणि उजवीकडेच जातात."

"मी रोज बघितलाय सिनेमा."

"मी एकदाच बघितलाय, म्हणून माझ्या नीट लक्षात आहे," मी म्हणाले. तेव्हा मला ते बिनतोड वाटलं होतं.

कागद माझा होता, मशीन माझं होतं, दुकान अब्बांनी मला काढून दिलं होतं. पाखरं उजव्या खांद्यावर गेली. बटणंही मला आठवत होती तशीच लावली, गड्यांच्या सदऱ्याला असतात त्या बाजूला. पेठेतला शिंपी म्हणायचा, "भाभी, बाईचा स्वेटर का बाप्याचा, एकदा ठरवून टाका." मी सांगायचे, "सिनेमात तसाच आहे." सिनेमा म्हटलं की माणूस गप्प बसतो.

स्वेटर चालला. लग्नात आहेर म्हणून जायला लागला, शिक्षिका घ्यायला लागल्या. गिऱ्हाइकांचे नमुने किती सांगू! सिनेमात होता अगदी तोच रंग हवा, म्हणून एक बाई भांडली होती. सिनेमा पांढऱ्या-काळ्यातला आहे म्हटलं, तर म्हणाली, "मग त्यातला पांढरा कुठला ते तरी दाखवा." पिंपरी पेंढारचा एक शेतकरी आला. त्याला पाखरांशी काही देणंघेणं नव्हतं. उभ्या कॉलरचा, गळ्याशी दुहेरी लोकरीचा स्वेटर पाहिजे होता. "रातचं पाणी धराय जावं लागतं. बिबट्या मानंला धरतो, भाभी." मी म्हटलं, "भाऊ, लोकरीने बिबट्या थांबतो का?" तो म्हणाला, "थांबत न्हाई. पर त्याला जरा येळ लागंल." मी तिहेरी गळा करून दिला. पुढच्या थंडीत तो दुसरा करायला आला तेव्हा मला फार बरं वाटलं.

आहुप्याच्या शाळेतल्या मुलांसाठी एकदा स्वेटर घेऊन गेले होते. एका आजीने पाखरांवरून बोट फिरवत विचारलं, "ही कुठनं आणलीस? राईतली न्हाईत ना?" त्यांच्या देवराईतली काडीसुद्धा कुणी बाहेर नेत नाही. मी म्हटलं, "नाही आजी, सिनेमातली आहेत." "मंग चालंल," म्हणाली आणि नातवाच्या डोक्यातून स्वेटर खाली ओढला.

या सगळ्या काळात सुशी माझ्याबरोबर होती. हाताने विणायचं जे जे असेल ते तिचं. पाखरांचा वाद आमच्यात चेष्टेसारखा चालू राहिला. सकाळी आली की म्हणायची, "काय, परतली का पाखरं?" दुपारी दुकान शांत असलं की आम्ही लोकर गुंडाळत बसायचो. लडी एकीने दोन हात पुढे करून हातांवर धरायची आणि दुसरीने गुंडा करायचा. धरणारीला हात हलवता येत नाहीत आणि गुंडाळणारीला मान वर करता येत नाही. अशा वेळी माणूस बोलतं. अशाच एका दुपारी तिने मला सांगितलं की तिचे वडील पितात. घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. त्याच गावातल्या तिच्या सासरीसुद्धा नाही. "तुला सांगितलं, संपलं," ती म्हणाली. मी हातांवर लडी धरून बसले होते. मान हलवली.

पुढचं मला लिहायचं नव्हतं.

घोडेगावला महिलांच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. आमचं टेबल लागलं होतं आणि पाखरांच्या स्वेटरभोवती गर्दी होती. सुशी जरा उशिरा आली आणि पिशवीतून एक स्वेटर काढून तिने माझ्या स्वेटरशेजारी टांगला. घरी बसून, मला न सांगता विणलेला. तीच मोरपंखी लोकर, पाखरं सात, जाणारी डाव्या खांद्यावर, बटणं बायकी बाजूला. विणकाम इतकं एकसारखं की मागची बाजूसुद्धा वर करून घालावी. माझा मशीनचा स्वेटर त्याच्याजवळ फिका दिसत होता. हे मी त्या क्षणी ओळखलं, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे. पाखरांच्या दिशेत नव्हे.

एका शिक्षिकेने विचारलं, "यातला सिनेमातला कुठला?"

"ह्यो," सुशी म्हणाली.

"नाही, हा," मी म्हणाले.

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "दोघींनी येगयेगळा सिनेमा बघितला जनू." सुशी हसत म्हणाली, "मी मशीनपाशी बसून बघितलाय, माझ्या बापाजवळ. हिनं अम्मीच्या पदराखालनं."

तेव्हा मी म्हणाले, "हिचा बाप मशीनपाशी पिऊन पडलेला असायचा. ही त्याला सावरत होती, का सिनेमा बघत होती?"

बायका पुन्हा हसल्या. आधीपेक्षा जोरात.

सुशीचं तोंड मला दिसलं नाही, कारण मी तिच्याकडे बघितलं नाही. तिने स्वेटर खाली काढला, टेबलाच्या कडेला बसली, दातांनी शिवण तोडली, शेवटचा टाका शोधला आणि उसवायला लागली. विणलेलं उसवायला फार वेळ लागत नाही, पण अख्खा स्वेटर म्हणजे लागतो. ती उसवत होती आणि मी गिऱ्हाईक करत होते. "मोठं माप हवं का? दाखवते." शेवटी तिने दोन गुंडे टेबलावर ठेवले, एक मोरपंखी, एक पांढरा. "ही तुमची लोकर, भाभी," म्हणाली आणि एसटी स्टँडकडे गेली.

तोवर तिने मला कधी भाभी म्हटलं नव्हतं. नसीम म्हणायची.

ती परत आली नाही. पुढे टोमॅटोच्या बाजारात क्रेट भरायला जायला लागली, असं कळलं. कुणी विणायला सांगितलं तर "इसरले" म्हणायची. आठवडे बाजारात समोर आली तर "काय भाभी, बरं हाय?" विचारायची आणि उत्तर ऐकायला थांबायची नाही. मी मनाशी म्हणायचे, बोलले ते कडू होतं, पण पाखरांच्या बाबतीत मी खरी होते. तेवढ्या एका आधारावर इतकी वर्षं काढली. स्वेटर विकत राहिले, गोष्ट सांगत राहिले. गोष्टीत सुशी नसायची.

आता उन्हाळ्यात परत येते. माझी मुलगी रुबिना पुण्याहून आली होती. तिने मोबाईलवर तो सिनेमा शोधून काढला. "हाच का, अम्मी?"

बघता बघता बाप जेवायला बसला. उजव्या हाताने. मी म्हटलं, "हा तो नाही. त्यातला बाप डावखुरा होता."

"मग ही बाई तरी तीच आहे का?"

बाई तीच होती. पण पदर डाव्या खांद्यावर. माझी गुजरातन साधी मराठी मास्तरीण निघाली. मग थांबा आला, वारा आला आणि ती बटणं लावायला लागली. पाखरं पाच. चढत चढत डाव्या खांद्यावर गेली.

रुबिना म्हणाली, "अम्मी, काही लोक सिनेमा मोबाईलवर टाकताना आरशात दिसतो तसा उलटा करून टाकतात. चोरी पकडली जाऊ नये म्हणून. तसं असेल."

मला एकदम हलकं वाटलं. पण तेवढ्यात एसटी आली आणि तिच्या कपाळावर गावाच्या नावाची पाटी होती. अक्षरं सरळ होती.

मी खालाकडे गेले. खाला आता खाटेवरच असते, पण जुनं सगळं तिला लख्ख आठवतं. मी विचारलं, "तंबूत आपण कुठे बसायचो?" ती म्हणाली, "कहाँ बैठते? परदे के पीछे. सामने मरद लोगां. हम पीछेच बैठते थे ना हमेशा."

पडदा कापडाचा असतो. चित्र त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतं. मागच्यांना उलटं दिसतं, इतकंच. सिनेमाच्या सुरुवातीला नावं येतात, तीही उलटीच आली असणार. पण मला तेव्हा वाचता येत नव्हतं आणि अम्मीला मराठी वाचता येत नव्हतं. तिथे बसलेल्या बायकांपैकी किती जणींना वाचता येत होतं? जन्मभर मुलींना पलीकडून बघायला शिकवणाऱ्या मला ही एक शंका कधी आली नाही.

वारूळवाडीला जायला मी बरेच दिवस लावले. पाऊस उघडल्यावर एका दुपारी गेले. एसटीत वाक्यं जुळवली होती. सुशी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. केस सगळे पांढरे.

"या भाभी. कुणाचं लगीन काढलं?"

"लग्न नाही. तुला काही दाखवायचंय."

"दाखवा. पर एका डोळ्याचं आप्रेशन झालंय, दुसऱ्याचं ऱ्हायलंय. कुठल्या डोळ्यानं बघू तेवढं सांगा."

जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. मी मोबाईल काढला, थांब्याचा प्रसंग लावला आणि तिच्या हातात दिला. तिने तो बऱ्या डोळ्याजवळ धरला. तिच्या हाताला लसणाचा वास येत होता. बाई बटणं लावायला लागली. मला वाटलं, आता म्हणेल, बघ, मी सांगत होते. वरच्या बटणापाशी मात्र तिने हात वर केला, कुणाला थांबवावं तसा.

"हितं तुटायचं."

"काय?"

"रीळ. ती वरच्या बटणाला हात घालायची, की तुटायचं. रोजच. लोकं शिट्ट्या मारायची. बा अंधारात चिकटवायचा आन मी बॅटरी धरायची. चिकटवताना थोडी पट्टी कापावी लागायची. म्हणून ती बाई वरचं बटण लावतीया, हे मी कदी बघितलंच न्हाई." तिने मोबाईल पुन्हा डोळ्याजवळ नेला. "लावती की. आज बघितलं."

म्हणजे तो अंधार तिच्या वडिलांचा होता. मी सिनेमाचा समजत होते.

"सुशी, आम्ही पडद्यामागे बसायचो," मी म्हणाले. "तू सांगत होतीस ते खरं होतं."

"मला ठाव हाय. बाया मागंच बसायच्या."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलनार व्हते. त्यो स्वेटर विणताना ध्यानात आलं माझ्या. घोडेगावला तेच सांगनार व्हते, हसत हसत. तू बोलू कुठं दिलंस?" मग मोबाईल परत देत म्हणाली, "पाखरं पाचच हायत व्हय?"

"पाच आहेत."

"मी सात म्हणत व्हते. तेवढं तुजं खरं." आणि हसली. मला हसता आलं नाही.

"मी तुझ्या वडिलांबद्दल बोलले..."

"बा पीत व्हता," ती म्हणाली. "ते खोटं न्हवतं. पर मशीनपाशी कदी न्हाई. रीळ जळत्यात, भाभी. पिलेल्या मानसाच्या हातात कोन देतंय? रातचा खेळ संपला की मगच प्यायचा." तिने लसणाची साल फुंकून उडवली. "त्या हसल्या ना, त्यातल्या दोघी माझ्या भावकीतल्या. सांजच्याला बाच्या कानावर गेलं. मला म्हणाला, तू सांगितलंस का गं भायेर? मी न्हाई म्हणाले. बाशी खोटं बोलले. त्याला कळलं. पुना कदी इचारलं न्हाई त्यानं."

इतकी वर्षं मी समजत होते की तिला स्वेटर उसवल्याचं दुःख आहे.

मी पिशवीतून दोन गुंडे काढले. ते मी कधी वापरले नव्हते. दरवर्षी ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा ट्रंकेत ठेवायचे. का ठेवते, ते स्वतःला विचारलं नव्हतं. सुशीने मोरपंखी गुंडा हातात घेतला, वजन केल्यासारखा. टोक शोधून हातभर धागा उलगडला. तो नागमोडीच होता. उसवलेल्या लोकरीला जुन्या टाक्यांचे वळ राहतात. लडी करून, कोमट पाण्यात भिजवून, खाली वजन बांधून टांगल्याशिवाय ते जात नाहीत.

"वळ गेलं न्हाईत अजून," ती म्हणाली. आत सुनेला हाक मारली, "पानी कोमट कर गं थोडं." आणि मग मला, "हात कर म्होरं."

मी दोन्ही हात पुढे केले. ती गुंडा उलगडत माझ्या हातांवर लडी चढवायला लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला हात हलवता येत नव्हते, तिला मान वर करता येत नव्हती.

त्यातच मी तिला या लेखाबद्दल सांगितलं. नको असेल तर लिहिणार नाही, म्हटलं.

"लिही. समदं लिही. बा आता न्हाई, मला कुनाची चोरी न्हाई. पर तो मशीनपाशी पीत न्हवता, ते पयलं लिही."

"आणि या लोकरीचं?"

"माझ्यानं आता विणनं व्हायाचं न्हाई. तू कर."

"हाताने करते."

"हातानंच कर. आन हे बघ नसीम," ती धागा ओढून घेत म्हणाली, "आता तरी म्होरनं बघ."

स्वेटर माझ्या सुयांवर आहे. माझा हात मशीनला सरावलेला, त्यामुळे हळू चाललं आहे. एक बाजू विणून झाली, दुसरी चालू आहे. बटणपट्टीवरच्या पाखराची दोन अर्धी जुळतात की नाही, ते पहिलं बटण लावल्याशिवाय कळत नाही. सुशी मधून मधून फोन करून विचारते, "कुठवर आली पाखरं?"

तिने पहिलं लिहायला सांगितलेलं मला पहिलं लिहायचा धीर झाला नाही, म्हणून इथे लिहिते. घोडेगावला त्या दिवशी हसलेल्यांपैकी कुणाच्या हातात हा अंक पडला, तर त्यांनी एवढं वाचावं. सुशीलाचे वडील यंत्रापाशी कधीही प्यायलेले नव्हते. ते अंधारात, मुलीने धरलेल्या बॅटरीच्या उजेडात तुटलेलं रीळ चिकटवत असत, आणि तेवढा वेळ आम्ही पडद्यामागच्या बायका रात्र झाली असं समजून वाट बघत असू.